विमा एजंटाच्या घरचा विमा

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
जुलैचा दुसरा आठवडा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "पप्पा, मी रोज रात्री बारापर्यंत बसतो, पण संभाव्यता डोक्यात शिरेना." (तू 'बसतो' म्हणालीस की तिकडं पुण्यात मैत्रिणी हसतात म्हणे. हसू देत. आपल्याकडं पोरी असंच बोलतात.) फोनवर समजवायला गेलो तर दोघंही वैतागलो, म्हणून लिहितोय. तुझ्या सरांशी माझी बरोबरी नाही. पण सव्वीस वर्षं विमा विकून घर चालवलं, म्हणजे आपण या विषयावरच जेवलो. आणि याच विषयात मी एकदा सपशेल आपटलो, ते तुला अजून नीट सांगितलेलं नाही.

सुरुवातीचं लवकर उरकतो. काय काय घडू शकतं ते सगळं आधी लिहून काढायचं, तो नमुना अवकाश. त्यातलं आपल्याला हवं ते म्हणजे घटना. फासा सरळ असेल तर संभाव्यता म्हणजे हव्या शक्यता भागिले एकूण शक्यता. उत्तर शून्याच्या खाली जात नाही, एकाच्या वर जात नाही आणि सगळ्या शक्यतांच्या संभाव्यतांची बेरीज बरोबर एक भरते. कोल्मोगोरोव नावाच्या रशियन गणितज्ञानं 1933 साली अख्खा विषय अशा मोजक्या गृहीतकांवर उभा करून दाखवला. तुझं पुस्तक जाडजूड दिसतं, पण पाया एवढाच.

बेरजेच्या नियमात तू कुठं घसरतेस ते माझ्या लक्षात आलं. समज, आपल्या गल्लीत शंभर घरं. चाळीस घरांत आयुर्विमा, तीस घरांत आरोग्य विमा. तू पटकन सत्तर म्हणतेस. पण बारा घरांत दोन्ही आहेत आणि ती तू दोनदा मोजलीस. वजा कर, 58. म्हणजे यातलं एखादं घर डोळे मिटून निवडलं तर तिथं दोन्हींतला एक तरी विमा असण्याची संभाव्यता 0.58. दोन गोष्टी एकत्र घडूच शकत नसतील तेव्हाच सरळ बेरीज चालते. मी नवा होतो तेव्हा असंच दोनदा मोजून साहेबांपुढं आकडे ठेवले होते आणि चारचौघांत बोलणी खाल्ली होती.

गणितात 'किमान एकदा' हे शब्द दिसले की सरळ जायचं नाही, उलटं जायचं. 'एकदाही नाही' याची संभाव्यता काढायची आणि एकातून वजा करायची. हा विषय सुरू झाला तोही असल्याच हिशेबातून. 1654 साली पास्कल आणि फर्मा या दोघांनी एकमेकांना पत्रं लिहून जुगारातले प्रश्न सोडवले. प्रश्न पुरवणारा होता शेव्हालिए द मेरे नावाचा एक फ्रेंच जुगारी. एक फासा चारदा टाकला तर किमान एकदा सहा पडेल यावर पैज लावणं फायद्याचं. एकदाही न पडण्याची संभाव्यता पाच षष्ठांश चारदा गुणून 625 छेद 1296, म्हणजे पडण्याची 671 छेद 1296, जवळपास 52 टक्के. आता दोन फासे चोवीस वेळा टाकून एकदा तरी दोन्हीवर सहा, याला वरवर तेवढाच चान्स वाटतो, कारण चार डावांस सहा शक्यता, तसे चोवीस डावांस छत्तीस. पण हिशेब केला की 49 टक्केच निघतात. पन्नासच्या अलीकडं आणि पलीकडं. एवढ्याशा फरकावर माणूस रात्रभर खेळला तर खिसा रिकामा.

इथं मी गुणाकार बिनधास्त केला, कारण फाशाला मागचं काही आठवत नाही. 2021 च्या पुरात आपण राजारामपुरीत मामाकडं होतो तेव्हाचा ल्युडो आठवतो का? तुला सात डावांत सहा पडला नाही. तू पट उधळलास आणि म्हणालीस, "आता तर पडलाच पाहिजे!" सात वेळा सहा न पडण्याची संभाव्यता 28 टक्के आहे, म्हणजे त्यात नवल काही नव्हतं. आणि आठव्या डावाला चान्स तोच, सहातला एक. आधी काय झालं याचा पुढच्यावर परिणाम नसेल तर त्या घटना स्वतंत्र. मटका लावणाऱ्यांचा नेमका इथंच घात होतो. चहाच्या टपरीवर एक जण रोज भेटायचा, कागदावर मागच्या आठवड्याचे अंक उतरवून, "सात लई दिवस आला नाही, आज येणार." दहा अंकांतला एक लावायचा आणि लागला तर रुपयाला नऊ मिळायचे. सगळे अंक सारखेच धरले तरी रुपयामागं सरासरी नव्वद पैसे परत. उरलेले दहा कुणाच्या खिशात जातात हे त्याला मी तीनदा सांगितलं. तो म्हणायचा, तुमचा विमाही तसलाच.

तसं पाहिलं तर खोटं नाही. विम्यातही सरासरीनं भरलेलं सगळं परत येत नाही. फरक एवढाच की मटका लावणारा नसलेली जोखीम विकत घेतो आणि विमा घेणारा असलेली विकून टाकतो. आणि विमा चालतो तो मोठ्या संख्यांच्या नियमावर. याकोब बर्नुली हा स्विस गणितज्ञ वीस वर्षं या नियमाच्या मागं होता. त्याचं पुस्तक छापून आलं 1713 साली, तो जाऊन आठ वर्षं झाल्यावर. कुठली स्कूटर चोरीला जाणार हे कुणीच सांगू शकत नाही, पण दहा हजार स्कूटरींतल्या साधारण किती जातील हे सांगता येतं. धूमकेतूवाल्या हॅलेनं तर 1693 मध्येच ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन कुठल्या वयाची माणसं किती उरतात याचा तक्ता केला होता. आम्ही एजंट त्याच तक्त्याच्या नातवंडांवर पोट भरतो.

पण एक गैरसमज काढून टाक. या नियमाचा अर्थ 'मागची तूट पुढं भरून निघते' असा नाही. रश्श्यात मीठ जास्त पडलं तर ते परत काढता येत नाही, पातेलंभर रस्सा वाढवला की खारट लागत नाही इतकंच. तुझे ते सात डाव तसेच राहतात. पुढं सात हजार डाव टाकले की त्यांच्यात ते जाणवत नाहीत.

हे सगळं उभं आहे ते 'स्वतंत्र' या एका शब्दावर. आपल्या घरी चोरी होण्याची संभाव्यता शंभरात एक, शेजारच्या काकांकडंही तेवढीच धरली, तर दोन्हीकडं एकाच वर्षी होण्याची दहा हजारांत एक. आता चोरीच्या जागी पूर घाल. आपल्याकडं पाणी शिरलं तर काकांकडं शिरणारच, भिंत एकच आहे. मग दोन्हीची संभाव्यता दहा हजारांत एक नाही, जवळजवळ शंभरात एकच राहते. विमावाल्याला हजार घरांची आग परवडते, पंचगंगेचा पूर परवडत नाही. तो अख्खी पेठ एकदम मागतो.

याला म्हणतात सशर्त संभाव्यता. एक गोष्ट कळली की दुसरीचा आकडा बदलतो. पाणी जामदार क्लबपाशी आलं म्हटल्यावर तुझी आई तांदळाचा डबा उचलते, ती गणितच करत असते. फक्त शर्त उलटी करू नकोस. मोठा पूर आला तेव्हा राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले होते, हे खरं. पण दरवाजे उघडले म्हणजे मोठा पूर येणारच, असं नाही. ते जवळपास दर पावसाळ्यात उघडतात, आणि एकेका दरवाजातून 1428 क्यूसेक पाणी सुटल्याची बातमी आली की पुण्या-मुंबईतून नातेवाइकांचे फोन सुरू होतात. 'पूर आला असता दरवाजे उघडे' आणि 'दरवाजे उघडे असता पूर' हे दोन वेगळे आकडे आहेत. परीक्षेत निम्मी पोरं इथंच गुण घालवतात असं मला वाटतं.

आता माझं. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 55 फुटांच्या वर गेलं. इशारा 39 ला, धोका 43 ला, यावरून समज. आपल्या घरात खिडकीच्या गजांपर्यंत होतं. तेव्हा घरातल्या सामानाचा विमा होता आणि पैसे मिळाले. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची तारीख आली ती लॉकडाऊनमध्ये. हात तंग होता. कट्ट्यावर सगळे म्हणायचे, असला पूर शंभर वर्षांतनं एकदा. मी मनात म्हटलं, झाला की आता, पुढचा बघायला आपण कुठं असणार? हप्ता भरला नाही. लोकांना इतकी वर्षं जे सांगितलं ते स्वतःच्या दारात विसरलो. 2021 च्या जुलैत पाणी 56 फुटांवर गेलं. फ्रिज, शिलाई मशीन, तुझी सायकल सगळं गेलं आणि मामाकडं ल्युडो खेळताना मी गप्प का होतो ते तुला आता कळलं असेल.

'शंभर वर्षांतनं एकदा' याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा सूट नाही. तीस वर्षं त्याच घरात राहिलात तर किमान एकदा येण्याची संभाव्यता काढ, उलटं जाऊन. 0.99 तीसदा गुणलं की 0.74 येतं. म्हणजे 26 टक्के, चारात एकाहून थोडं जास्तच. तीस वर्षांचं घराचं कर्ज काढणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

आणि माझी दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. फाशाला आठवण नसते, पण फासा टाकणाऱ्याला असावी लागते. तुला लागोपाठ वीस वेळा सहा पडला असता तर 'एकविसाव्यालाही सहातला एकच चान्स' असं म्हणणारा शहाणा नव्हे. त्यानं फासा उचलून बघायला पाहिजे. बेज नावाच्या इंग्रज पाद्र्याचा निबंध याच विचाराचा आहे. दिसलेल्या गोष्टींवरून आपला अंदाज किती बदलायचा त्याचा हिशेब. तो छापला गेला 1763 साली, त्याच्या मागं, रिचर्ड प्राइस या त्याच्या मित्रानं. हा प्राइस पुढं लंडनच्या एका विमा संस्थेला सल्ला द्यायचा, म्हणजे आमच्या धंद्यातलाच. 2005 ला मोठा पूर, मग 2019, मग दोनच वर्षांत 2021. हे बघून 'शंभरात एक' हाच आकडा खोटा असेल, हा संशय मला यायला हवा होता. नदीकाठी बांधकामं वाढलीत, पावसाची तऱ्हा बदललीय. मी मात्र तोच जुना फासा धरून बसलो, वर त्याला म्हणालो, आता तुझी पाळी नाही.

हे लिहिता लिहिता रात्रीचे अकरा झाले. आईनं शेंगदाण्याची चटणी आणि काकवी पाठवायला बांधून ठेवलीय, उद्याच्या एसटीनं येईल. एक गणित देतो, रविवारी फोनवर उत्तर सांग. तुमच्या वर्गात तेवीस जणी आहेत असं धर. कुठल्यातरी दोघींचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता किती? आधी मनात एक आकडा धर, तो कागदावर लिही, मगच हिशेबाला बस. उलटं जा.

इकडं पाऊस चालू आहे. बंधाऱ्याची पातळी आज सकाळी 31 फूट होती, काळजीचं काही नाही. विमा मार्चमध्येच भरलाय, तुझी कपाटातली पुस्तकं दुपारीच माळ्यावर टाकली.

तुझे
पप्पा