बर्लिनला निघण्याआधी एवढं वाचा

बर्लिन,
रविवार, 10 मे 2026

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेलं की आई मधेच "बरं बरं, तू जेवलीस का?" म्हणते आणि बाबा फोन दादाच्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून हे पत्र. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय. चष्मा लावून, सावकाश, दोघांनी मिळून वाचा.

जे सांगायचंय ते आधी सांगून टाकते. मी रजा घेत नाहीये. तुम्ही 2 जूनला येताय, तेव्हापासून पहिले तीन आठवडे सोमवार ते शुक्रवार मी ऑफिसात असेन. शेवटच्या आठवड्यात पूर्ण तुमच्यासोबत आहे. नोकरी एप्रिलमध्ये बदलली. इथे सुरुवातीचे सहा महिने प्रोबेशन असतं आणि तेवढ्या काळात वर्षाची सगळी रजा हातात येत नाही, महिन्यागणिक थोडी थोडी जमते. जमली ती सगळी त्या आठवड्यात टाकली आहे. साहेबांना विचारूनही पाहिलं. ते चांगले आहेत, पण नव्या माणसाने कितीदा विचारायचं? तुम्ही येताय आणि मी सकाळी पर्स उचलून बाहेर पडणार, हे माझ्या जिवाला लागून राहिलंय.

बाबा म्हणाले, मग पुढच्या वर्षी येऊ. नको. व्हिसा झालाय, तिकिटं झाली आहेत, आईचा गुडघा ऑपरेशननंतर आता कुठे मार्गी लागलाय. तुमची वयं झाली म्हणून मी घाई करतेय असं मनात आणू नका. मला तुम्ही याच वर्षी हवे आहात, एवढंच कारण आहे.

आणि दुसरं, तितकंच ठरलेलं: मी येईपर्यंत घरात बसून राहायचं नाही. काकांकडे अमेरिकेत गेलात तेव्हा कुणी गाडी काढेल म्हणून आठवडेच्या आठवडे वाट बघितलीत. आई खिडकीतून समोरच्यांचं अंगण बघत बसायची. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, पण मला कळलं होतं. हे शहर तसं नाही. इथे माझ्याकडे गाडी नाही आणि लागतही नाही. तुम्ही दोघं पायांवर उभे आहात तोवर हे शहर तुम्हाला कुठेही नेऊन सोडेल आणि परत आणेल. म्हणून त्या टूरवाल्यांची बसही मी ठरवली नाही. दिवसभर कुणाच्या झेंड्यामागे पळायचं, आईला बसावंसं वाटलं तरी थांबायचं नाही, असलं काही नको. तुम्ही तुमच्या चालीने फिरा.

विमानतळावर मी घ्यायला येणार आहे, अर्धा दिवस मागून घेतलाय. तेव्हा त्याची काळजी नको. पुढचं नीट वाचा.

दोघांच्या नावाने जूनचा पास काढतेय. त्याला डॉइचलांड-टिकेट म्हणतात. माणशी 63 युरो. बाबा, तुम्ही विचारणारच, म्हणून सांगितलं. आता रुपयांत गुणाकार करू नका. या एका पासावर शहरातली भुयारी रेल्वे (तिला ऊ-बान म्हणतात), लोकल म्हणजे एस-बान, ट्राम, बस, सगळं चालतं. देशभरातल्या साध्या गाड्याही चालतात, फक्त लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाहीत. पासवर नाव असतं, त्यामुळे बरोबर फोटोचं ओळखपत्र हवं. पासपोर्ट आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, चेन लावून. बाबांच्या मागच्या खिशात अजिबात नाही. पुण्याला पाकीट गेलं तेव्हाही ते मागच्याच खिशात होतं.

स्टेशनात फाटक नसतं. कुणी अडवत नाही, कुणी तिकीट बघत नाही, सरळ फलाटावर जायचं. बाबा, तुमचा जन्म एसटीत गेला, तुम्हाला हे बघवणार नाही हे मला ठाऊक आहे. पण तपासनीस असतात. साध्या कपड्यांत बसलेला माणूस गाडी सुटल्यावर अचानक उठतो आणि "फारशाइने, बिट्टे" म्हणतो, म्हणजे तिकिटं दाखवा. घाबरू नका, पास आणि पासपोर्ट पुढे करा. बिनतिकीट सापडला तर 60 युरो दंड. सुटं कागदी तिकीट काढलं तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असून नसल्यासारखं. बाहेरून आलेली माणसं इथेच फसतात. तुम्हाला पास असल्यामुळे ती भानगड नाही.

आपलं घर बुंडेसप्लाट्झला आहे. स्टेशन चालत पाच मिनिटांवर, मधे एक बाक आहे, आईला टेकता येईल. इथून दोन वाटा लक्षात ठेवल्या की झालं. एक ऊ-नऊ, म्हणजे भुयारी रेल्वेची नऊ नंबरची लाइन. दुसरी रिंगबान, शहराभोवती फिरणारी लोकल. ती 37 किलोमीटरचा फेरा साधारण तासाभरात पुरा करते. तिच्या दोन दिशांना दोन नंबर आहेत: एस-41 आणि एस-42. आई, तुझ्यासाठी सोपं करून ठेवलंय. एस-41 देवळातल्या प्रदक्षिणेसारखी उजवीकडून फिरते, एस-42 उलटी. बस्स. काही चुकलं तरी ही गाडी शहराबाहेर नेऊन टाकत नाही, बसून राहिलात तर फिरून बुंडेसप्लाट्झलाच येईल. फक्त त्याच फलाटावर एस-46 पण लागते. ती थोडा वेळ रिंगवरून जाते आणि मग वेगळी फुटते, त्या गाडीत बसायचं नाही. गाडीच्या कपाळावरचा आकडा वाचल्याशिवाय पाऊल आत टाकू नका.

बाबा, ही रिंगबान 1961 साली शहराचे पूर्व-पश्चिम तुकडे करणारी बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा तुटली आणि फेरा पुन्हा पुरा व्हायला 2002 उजाडलं. भिंत पडली 1989 ला, तरी रूळ जोडायला एवढी वर्षं गेली. तुम्हाला डेपोतल्या गोष्टी सांगायला आवडतात, तशा इथे तुम्हाला ऐकायला खूप मिळतील. ऊ-सहा आणि ऊ-आठ या पश्चिम बर्लिनच्या लाइनी, पण मधला तुकडा पूर्व बर्लिनच्या खालून जायचा. तिथली बहुतेक स्टेशनं बंद करून टाकली होती. गाडी वेग कमी करून न थांबता पुढे जायची आणि अंधुक उजेडात फलाटावर पहारेकरी उभे दिसायचे. नॉर्डबानहोफ हे एस-बानचं स्टेशनही असंच बंद होतं, आता तिथे त्या काळाचं प्रदर्शन मांडलंय, तिकीट नाही. ते मी सोबत असतानाच बघू, तुम्ही एकटे जाऊ नका. मला तुमच्याबरोबर बघायचंय. आणि ट्राम पूर्वेला एवढ्या नि पश्चिमेला जवळजवळ नाहीत असं का, हे तुम्ही विचाराल: पश्चिम बर्लिनने 1967 मध्ये ट्राम बंदच करून टाकल्या, पूर्वेने चालू ठेवल्या. रूळ बघून अजूनही कळतं कुठली बाजू कोणाची होती.

पहिल्या आठवड्यात एकच फेरी करा. बुंडेसप्लाट्झहून ऊ-नऊ, पाटी "ओस्लोअर श्ट्रासे" अशी असेल. पाचवं स्टेशन "त्सोओलोगिशर गार्टन", म्हणजे प्राणिसंग्रहालय. बाहेर 100 नंबरची पिवळी दुमजली बस लागते. 1990 मध्ये, दोन्ही बर्लिन एक झाल्यावर सुरू झालेली ही बस पूर्व आणि पश्चिम जोडते आणि टूरवाले जे पैसे घेऊन दाखवतात त्यातलं बहुतेक सगळं आपल्या पासवर दाखवते: विजयस्तंभ, राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, संसद, ब्रांडेनबुर्ग दरवाजाचा परिसर, उंटर डेन लिंडनचा रस्ता, संग्रहालयांचं बेट, शेवटी अलेक्झांडरप्लाट्झ. पुढच्या दाराने चढायचं, ड्रायव्हरला पास दाखवायचा. वरच्या मजल्यावर समोरची सीट बाबांना हवी असणार. जा, पण बस उभी असतानाच जिना चढा आणि उतरताना एक स्टॉप आधी खाली या. आई, तू खालीच बस. गुडघा. वरून दिसतं ते खालूनही दिसतं. कुठेतरी रस्ता बंद असला की बस वळसा घेते, गडबडून जाऊ नका.

दुसऱ्या आठवड्यात आईची वाट. आई, हे मी तुझ्यासाठी मुद्दाम शोधलंय. इरावतीबाई कर्वे बर्लिनला शिकायला आल्या होत्या ना, तू वर्गात मुलींना सांगायचीस. ती जागा माझ्या घरापासून लांब नाही. प्रदक्षिणेच्या गाडीने, एस-41 ने, एकच स्टेशन: हायडेलबर्गर प्लाट्झ. तिथे खाली ऊ-तीन मिळते. ते भुयारी स्टेशन मोठ्या चर्चसारखं कमानींचं आहे, दोन मिनिटं थांबून बघ. मग "क्रुमं लांकं" अशी पाटी असलेल्या गाडीने "फ्रायं युनिव्हर्झिटेट" पर्यंत. मधेच गाडी भुयारातून उघड्यावर येते, दोन्ही बाजूंना झाडी. त्याच्या आधीचं डालेम-डोर्फ हे गवताच्या छपराचं स्टेशन, डोकावून घे. ज्या मानववंशशास्त्र संस्थेत त्या 1920 च्या दशकाच्या शेवटी काम करत होत्या, ती इमारत आता विद्यापीठाकडे आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं. त्यांचे मार्गदर्शक ऑइगेन फिशर वंशश्रेष्ठतेच्या विचाराचे होते. कवट्यांच्या मोजमापातून वंशावंशांतला तसा फरक निघावा असं फिशरना वाटत होतं, पण इरावतीबाईंच्या मोजणीत तो निघाला नाही आणि बाईंनी तसं स्पष्ट लिहिलं. परक्या देशात, एकट्या, गुरूच्या तोंडावर. पुढे त्या संस्थेचं नाव नाझींच्या फार वाईट कामाशी जोडलं गेलं, त्याची पाटी भिंतीवर आहे. तू तिथे उभी राहिलेली मला बघायचंय. बाबा, फोटो काढा. आईला हसायला सांगू नका, ती जशी उभी राहील तसा काढा.

आता दटावणार आहे.

गाडीचं दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. बरेचदा दुसरं कोणी दाबतं, पण वाट बघू नका. "त्सुऱ्युकब्लायबन, बिट्टे" ऐकू आलं आणि लाल दिवा लागला की मागे थांबा. धावायचं नाही. पुढची गाडी पाच-दहा मिनिटांत येते, फलाटावरच्या फलकावर किती मिनिटं ते लिहिलेलं असतं. आणि समजा चढताना एकजण गाडीत नि एकजण फलाटावर राहिलं, तर गाडीतल्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून जागेवर उभं राहायचं, मागे राहिलेल्याने पुढची गाडी पकडून तिथे जायचं. दोघांनीही शोधत फिरायचं नाही. हे पाठ करा. पंढरपूरला काय झालं होतं ते आईला आठवतंय.

रस्ता ओलांडताना इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे आधी डावीकडे बघायचं. फुटपाथवर लालसर पट्टा दिसला की तो सायकलींचा, त्यावर पाय नको, बाबा, ती माणसं जोरात येतात. सिग्नलला रस्ता रिकामा असला तरी लाल असताना थांबा.

जिने उतरताना आईचा डावा हात कठड्यावर आणि उजवा तुमच्या हातात. लिफ्ट बहुतेक ठिकाणी आहे, कधी बंद असते. रोज सकाळी निघताना मी तुमच्या वाटेवरच्या लिफ्ट बघून कळवेन. बंद असेल त्या दिवशी त्या वाटेने जायचं नाही, घराजवळच्या बागेत जा. बाबा, लघवीची गोळी सकाळी घेतल्यावर दोन तास बाहेर पडायचं नाही. रस्त्यावरच्या स्वच्छतागृहात कित्येक ठिकाणी कार्डानेच दार उघडतं, म्हणून तुम्हाला एक वेगळं कार्ड देणार आहे, ते वापरा, पैशाचा विचार करून कळ काढत बसू नका. मोठ्या दुकानांत आणि संग्रहालयांतही सोय असते.

डब्याची काळजी आहे का? पोळ्या मी रात्री करून ठेवेन. तांदूळ, तुरीची डाळ, गोडा मसाला घरात आहे. दहीही चांगलं मिळतं. बाबांचा चहाचा कप वेगळा ठेवलाय, कानाचा, मोठा. गादी कडक घेतली आहे, आईला मऊ चालत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी सगळं आणून ठेवते.

बाबा, मी आठ वर्षांची असताना कराडच्या स्टँडवरून तुम्ही मला साताऱ्याच्या गाडीत बसवायचात. कंडक्टरकाकांच्या बाजूची सीट, हातात चिक्की, आणि "आत्या दिसेपर्यंत उतरायचं नाही" असं पुन्हा पुन्हा बजावणं. आई तुमच्यावर चिडायची, एवढ्याशा पोरीला एकटी पाठवतात म्हणून. मी खिडकीतून हात हलवायची आणि मला एकदाही भीती वाटली नाही, कारण गाडी तुमची होती. त्या गाड्यांमुळेच मी आज इथे एकटी राहू शकते. तेव्हा मी तुम्हाला वाऱ्यावर सोडतेय असं वाटलं तर माझ्यावर एवढा भरवसा ठेवा. प्रत्येक वाट मी आधी स्वतः जाऊन बघतेय, आईच्या चालीने, जिने मोजत. दिवसभर फोन माझ्या टेबलावर असेल. मीटिंगमध्ये असले तरी तुमचा फोन उचलेन, हे साहेबांना सांगून ठेवलंय.

अजून थोडं. दोघांच्या खिशात घरचा पत्ता नि माझा नंबर लिहिलेला कागद हवा, दादा छापून देईल. अडचण आली तर 112. बाबांच्या स्टेंटचे कागद आणि दोघांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी लावून. आईने नवे बूट आत्ताच घालून रोज संध्याकाळी कृष्णाकाठापर्यंत चालायला सुरुवात करावी, नाहीतर इथे येऊन ते पायाला चावतील. लोणच्याची बरणी आणू नका. आणणारच असाल तर तेल गळणार नाही अशी बांधा.

हे वाचून झालं की दादाला सांगून मला फोन करा आणि कोणती गाडी प्रदक्षिणेची ते आईने मला सांगावं.

तुमची,
मनू