गाडीवाट दाखवणाऱ्या मावशींना

ती. मावशींना,
शिरसाष्टांग नमस्कार.

"माझं नाव-बिव कुठं छापू नगंस," असं तुम्ही निघताना बजावलंत, म्हणून ते इथे घातलेलं नाही. सोनोरीजवळच्या माळावर, जानेवारीत, लिंबाखाली हिरवी सायकल आडवी टाकून बसलेली बाई म्हटलं की तुम्हाला आठवेल. नातवाला हे मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

त्या दिवशी तुम्ही विचारलंत, "एकटीच कशाला हिंडतीस गं?" आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. आता देते. मी पंचविसाव्या वर्षापासून गड चढत आले. पन्नाशी ओलांडल्यावर गुडघ्यांची कूर्चा झिजली. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल हवी तेवढी चालवा, पण गड उतरणं बंद. दोन वर्षं मी पुरंदर आणि मल्हारगड लांबूनच पाहिले. मग ही बॅटरीची माउंटन बाइक घेतली. तिची मोटर 250 वॅटची, पायडल मारलं तरच मदत करणारी, आणि ताशी 25 किलोमीटरला ती मदत थांबते. तेवढ्या मदतीवर बोपदेव घाट चढून भिवरी, चांबळी करत मी सासवडला पोचले, तेव्हा कऱ्हेकाठी मला रडू आलं होतं. आपलं मुरमाड, पिवळ्या गवताचं, ज्वारीच्या वासाचं जग परत मिळालं होतं. म्हणून एकटी हिंडते, मावशी.

आता त्या चढाचं. सोनोरीवरून माळ ओलांडून दिवे गावाच्या अंगाला उतरायचं, असं मी फोनच्या नकाशावर बघून ठरवलं होतं. नकाशावर सरळ रेघ दिसली, ती मी धरली. सुटा मुरूम, मध्येच कातळ, मागचं चाक जागच्या जागी फिरतंय, पुढचं हवेत उचललं जातंय. बॅटरीच्या तीन कांड्या बघता बघता एकीवर आल्या आणि मोटर बंद पडली. हात लावला तर चटका बसला. 24 किलोची सायकल मोटरशिवाय त्या चढावर ढकलणं म्हणजे काय, ते तुम्ही वरच्या रानातून बघतच होतात.

तुम्ही आलात, पाणी दिलंत, आणि पहिली गोष्ट केलीत ती माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. सायकल आधी पुढून उचलून पाहिलीत, मग मागून. म्हणालात, "माग जड हाय. चढाला उलार हुणारच." उलार! बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचलतं, त्याला आपण उलार म्हणतो. हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. माझ्या सायकलची मोटर मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यात आहे, आणि पाण्याच्या बाटल्या, कुलूप, पंप, सगळं मी मागच्या कॅरिअरवर बांधलं होतं. ते सोडायला लावून तुम्ही हँडलच्या पुढे बांधून दिलंत. "बैल चढाला मान खाली घालतो, तशी वाक," म्हणालात. सीटच्या टोकाशी सरकून छाती हँडलकडे नेली, तर पुढचं चाक जमिनीला चिकटून राहिलं.

मग टायर अंगठ्याने दाबलंत आणि "लई कडक" म्हणून मान हलवलीत. लाकडी चाकं जाऊन डनलॉपची, रबरी टायरची गाडी आली तेव्हा रानात हवा कमी ठेवायची, हे तुम्ही सासऱ्यांकडून शिकलेल्या. मी डांबरी रस्त्यासाठी भरलेल्या हवेवरच मुरमात शिरले होते. तुमच्या अंगठ्याला पटेपर्यंत हवा सोडली. घरी येऊन मोजली तर 30 पीएसआय भरली, माझ्या वजनाला आणि त्या जमिनीला अगदी योग्य.

पण सगळ्यात मोठं देणं ती गाडीवाट. "चढ छातीवर कशाला घेतीस? गाडीवाटनं जा की." मला तर तिथे वाटच दिसत नव्हती, नुसतं गवत होतं. तुम्ही हाताने हवेत ती काढून दाखवलीत: निवडुंगापासून डाव्या अंगाने, पडक्या तालीला (दगडी बांधाला) वळसा, मग उलट वळून खिंडीकडे. अंजिराच्या पाट्या भरलेली गाडी तुम्ही स्वतः हाकत याच वाटेने बाजाराला नेत होतात. भरल्या गाडीचा बैल जिथे दमत नाही, असाच चढ जुन्या माणसांनी शोधून ठेवलेला.

घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मी, सायकल आणि सामान मिळून 90 किलो. एवढं वजन 100 मीटर वर न्यायला साधारण 25 वॅट-तास ऊर्जा लागते, वाट सरळ असो की वळणाची. माझी बॅटरी 360 वॅट-तासांची, म्हणजे वीज पुरायला हवी होती. ती गेली उष्णतेत. चाकातली मोटर खड्या चढावर फार हळू फिरायला लागली की ओढलेल्या विजेतली बरीच नुसती तापण्यात जाते. त्यात एकदम जास्त ओढ पडली की बॅटरीचा दाब खाली बसतो आणि कांड्या असतात त्याहून कमी दिसतात. म्हणूनच तुमच्याकडे अर्धा तास भाकरी-ठेचा खाऊन उठले तेव्हा दोन कांड्या परत आलेल्या! गाडीवाटेवर मोटर मोकळी फिरली, मीही हलक्या गिअरवर पाय फिरवत राहिले, आणि खिंडीत पोचले तेव्हा मोटर फक्त कोमट होती. बैलाच्या दमावरून आखलेली वाट या मोटरला जशीच्या तशी लागू पडते, हे मला कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

पाणंदीतलं, म्हणजे शेतांमधल्या अरुंद गाडीरस्त्यातलंही सांगितलंत. मधल्या गवताच्या पट्ट्यात दगड लपलेले असतात, तिथे जाऊ नको. एक चाकोरी धर आणि धरलीस की तिरकी सोडू नको, सोडायची तर थांबून सोड. फुफाट्यात याचा अर्थ कळला. पुढचं चाक चाकोरीच्या काठाला घासलं की सायकल आडवीच करतं. उतारावर ब्रेक थोडा थोडा दाबत राहायचा, धरून बसायचं नाही, हेही.

आणि एका गोष्टीवरून रागावलात, ते बरोबरच होतं. मी येताना दोन शेतांमधल्या बांधावरून सायकल घातली होती. मला ती पायवाट वाटली. "चाकानं बांध फुटतो, पावसात माती जाती," म्हणालात. त्या दिवसापासून मी बांधापाशी सायकलवरून उतरते आणि ती बांधाच्या बाहेरून नेते. माझ्याबरोबर येणाऱ्या चौघींनाही तसंच करायला लावते. पाणंदी तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे दोन्हीकडच्या नांगरांनी आत सरकत चालल्या आहेत. गाड्या गेल्या, तशी वाट राखायची गरज कोणाला उरली नाही. तुमच्या गाडीवाटेच्या वळणाशी मी थांबून फोटो काढले, सगळी वाट नोंदवून ठेवली. ती माझ्या लेखी मल्हारगडाइतकीच जुन्या माणसांची करामत आहे, आणि पुसली गेली तर मला फार वाईट वाटेल.

दिवे घाट उतरून अंधार पडायच्या आत घरी पोचले. एक कांडी शिल्लक होती.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, उलट अंजिरं दिलीत. स्टीलच्या डब्यात, वर अंजिराचंच पान घालून. तो डबा मी घासून फडताळात वरती ठेवला आहे आणि तो रिकामा परत येणार नाही, एवढं लक्षात असू द्या. मृगाचा पाऊस झाला की येईन म्हणते. पण पाणंदीतली काळी माती तेव्हा चाकांना लाडवासारखी चिकटते असं तुम्हीच म्हणाला होतात. तर वरच्या माळाने यायचं झालं तर निवडुंगाच्या आधी वळायचं की नंतर, तेवढं नातवाकडून कळवा.

तुमची,
हिरव्या सायकलवाली