चि. सईस, डॉक्टरेटचा अर्ज भरण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली दोन्ही माहितीपत्रकं वाचली. एक क्लिनिकल डॉक्टरेटचं, दुसरं पीएचडीचं. "बाबा, यातलं कुठलं करू?" एवढंच विचारून तू मोकळी झालीस. आईचं उत्तर तुला मिळालंच आहे (आधी झोप पुरी कर, मग बघू). माझं उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी फिजिओथेरपिस्ट नाही हे तू अधूनमधून आठवण करून देतेसच. पण संख्याशास्त्रवाला म्हणून तुमच्या क्षेत्रातले कितीतरी प्रबंध माझ्या टेबलावरून गेले. चांगले क्लिनिशियन संशोधनात कुठे अडखळतात ते त्यामुळे जवळून पाहायला मिळालं. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

आधी क्लिनिकल डॉक्टरेट. हे प्रकरण मूळचं अमेरिकेतलं. तिथे १९९३ साली क्रेटन विद्यापीठाने फिजिओथेरपिस्ट व्हायची पहिलीच पदवी डॉक्टरेटच्या दर्जाची ठेवून अभ्यासक्रम सुरू केला. हळूहळू बाकीचे त्या वाटेने गेले आणि २०१६ पासून तिथल्या सगळ्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना डीपीटीच (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) द्यावी लागते. मधल्या काळात बॅचलर्स-मास्टर्सवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांची पंचाईत झाली. लायसन्स तेच, काम तेच, आणि हाताखाली नव्याने आलेली मुलं मात्र 'डॉक्टर'. त्यांच्यासाठी ट्रान्झिशनल डीपीटी निघाली. एक्स-रे आणि एमआरआय वाचणं, औषधांची माहिती, दुखणं स्नायू-सांध्याचं आहे की आतल्या कुठल्या आजाराचं हे ओळखणं, शोधनिबंध पारखून वाचणं, असे विषय त्यात असतात. बहुतेक ठिकाणी प्रबंध नसतो. नोकरी सांभाळून होते. लायसन्समध्ये मात्र तिने एका शब्दाचाही फरक पडत नाही.

जुनी पदवी असलेल्या आणि पेशंटला आधी स्वतःच तपासावं लागणाऱ्या माणसाला मी ती जरूर घे म्हणेन. नावाआधी 'डॉ.' लागावं एवढ्यासाठी घेणाऱ्याला मी काहीच म्हणत नाही. त्याचा निर्णय झालेलाच असतो. ही क्लिनिकल डॉक्टरेट आणि पीएचडी या दोन्हींच्या मधला डीएस्सीसारखा (डॉक्टर ऑफ सायन्स) प्रकारही काही विद्यापीठांत आहे, आपल्याच क्लिनिकल विषयात खोल जाऊन छोटं संशोधन करायचा. पण तुझ्या डोक्यात जे घोळतंय ते त्यात मावेल असं मला वाटत नाही.

कारण मागच्या वेळी फोनवर तू एक वाक्य बोललीस आणि लगेच विषय बदललास. पक्षाघाताचे पेशंट क्लिनिकमध्ये दहा मीटर अगदी छान चालून दाखवतात, वेग उत्तम भरतो, आपण खूश होऊन घरी सोडतो, आणि महिन्यानंतर कळतं की हा माणूस फाटकाबाहेर पडलेलाच नाही. "असं का होतं कोण जाणे," असंही तू म्हणालीस. तिथेच मी कान टवकारले होते. तुला डॉक्टरेट करायची असेल तर या 'का'ची कर, म्हणजे पीएचडी.

हा 'का' किती जुना आहे ते बघ. जॅकलिन पेरी या बाई दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात फिजिकल थेरपिस्ट होत्या, पुढे अस्थिशल्यविशारद झाल्या आणि चालण्याचा अभ्यास हेच त्यांचं आयुष्य झालं. त्यांच्या गटाने १९९५ साली पक्षाघाताच्या १४७ पेशंटवरून ती वर्गवारी मांडली, जी तू रोज वापरतेस: सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग म्हणजे घरापुरतं चालणं, ०.४ ते ०.८ म्हणजे बाहेर थोडंफार, आणि ०.८ च्या वर गेलं की बाहेर मोकळेपणाने. आकडे सुटसुटीत असल्यामुळे जगभर रुळले. पण ते गटावरून काढलेले आकडे आहेत. ०.८ ओलांडणाऱ्या प्रत्येकाला रस्ता मोकळा झाला, असं ते सांगत नाहीत.

मग २०११ साली लीप्स नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. प्रमुख संशोधक पामेला डंकन, म्हणजे तुमच्यातल्याच, फिजिकल थेरपिस्ट आणि पीएचडी. ४०८ पेशंट. काहींना पट्ट्यांनी वजन तोलून धरणाऱ्या ट्रेडमिलवर चालवलं, कोणाला पक्षाघातानंतर दोन महिन्यांनी, कोणाला सहा महिन्यांनी. उरलेल्यांकडून थेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करून घेतले. वर्षअखेरीला ५२ टक्के लोक चालण्याच्या वरच्या पायरीवर गेले होते, आणि कोणत्या गटात होते याने त्यात फरक पडला नव्हता. महागड्या यंत्राने घरच्या व्यायामावर मात केली नाही. तुमच्या विभागात नवं ट्रेडमिल घ्यायचं चाललंय म्हणालीस, तेव्हा हा निबंध साहेबांच्या टेबलावर विसरून ये.

माझ्या दृष्टीने मजा मात्र वेगळीच आहे. या चाचणीतली 'पायरी' ठरवली होती ती पुन्हा दहा मीटरच्या वेगावरूनच, त्याच ०.४ आणि ०.८ वर. म्हणजे एवढी मोठी, इतकी नेटकी चाचणी जिथे थांबते तिथून पुढे तुझा फाटकाबाहेर न पडणारा माणूस सुरू होतो. वाढलेल्या वेगातला किती फरक पेशंटच्या दृष्टीने खरा, यावरही काम झालं आहे. ज्येष्ठांमध्ये सेकंदाला ०.०५ मीटर म्हणजे जाणवेल इतपत आणि ०.१० म्हणजे भरीव, असं साधारण धरतात. पण तेही वेगाचंच मोजमाप.

आता तुला आवडणार नाही असं सांगतो. हा प्रश्न आहे तसा घेऊन गेलीस तर कुठलाही चांगला गाईड तुला परत पाठवेल. बाहेर पडत नाही म्हणजे काय? पडण्याची भीती? घरचे सोडत नाहीत? दमतो? की जायला ठिकाणच उरलं नाही? पहिल्यासाठी भीती मोजणारी प्रश्नावली लागेल, दुसऱ्यासाठी घरच्यांशी लांब मुलाखती, तिसऱ्यासाठी मनगटावर किंवा कमरेला बांधायचं पावलं मोजणारं यंत्र. चौथा कदाचित फिजिओथेरपीचा प्रश्नच नसेल. या चारांतला एकच तुझा. पीएचडीचं पहिलं वर्ष बहुतेकांचं प्रश्न लहान करण्यातच जातं, आणि रोज पंचवीस पेशंट उरकायची सवय असलेल्या माणसाला ते वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं.

दुसरी अडचण तुझ्या अनुभवाचीच. तुझ्या हाताला गुण आहे हे मीही मानतो. आईच्या खांद्याचं मी पाहिलं आहे. पण पक्षाघातानंतर पहिल्या काही महिन्यांत माणूस आपसूकही सुधारत असतो. शिवाय लोक तुमच्याकडे येतात ते दुखणं शिगेला पोहोचल्यावर, त्यामुळे पुढचं मोजमाप काही न करताही थोडं बरंच निघतं. या दोन्हींतून तुझ्या उपचाराचा वाटा वेगळा काढायचा तर तुलनेला दुसरा गट लागतो, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे तू ठरवून चालत नाही. ज्याला तू स्वतः नव्या उपचाराला घेतलं असतंस तो चिठ्ठीने दुसरीकडे जाईल, तेव्हा तुझा जीव खालीवर होईल. अनुभवी थेरपिस्टना हे फार जड जातं. नवशिक्यांना नाही.

आकडेवारीचं म्हणशील तर मला आधी बोलाव. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कोलकात्यात संख्याशास्त्रज्ञांसमोर सांगितलं होतं, की प्रयोग आटोपल्यावर आमचा सल्ला घेणं म्हणजे बहुधा शवविच्छेदन करायला सांगणं. प्रयोग कशाने मेला तेवढं आम्ही सांगू. मी अशी बरीच शवविच्छेदनं केली आहेत. घरातलं एक करायची इच्छा नाही.

गाईडचं थोडक्यात. नावाजलेल्या आणि कधी न भेटणाऱ्या माणसापेक्षा दर पंधरवड्याला तासभर देणारा बरा. त्याच्याकडे सध्या शिकणाऱ्यांना चहाला नेऊन एकटं गाठून विचार, गाईडसमोर नको. आणि नोकरी पूर्ण सोडू नकोस. आठवड्यातले दोन दिवस तरी ओपीडीत राहा, पगार कमी झाला तरी चालेल. तुझा प्रश्न तिथे सापडला आहे. पुढचे बारीक प्रश्नही तिथेच सापडतील. पार्टटाइममुळे वर्षं वाढतील, त्याचं काही वाटून घेऊ नकोस.

एक गोष्ट मात्र अर्जाआधीच कर. लुई लासान्या नावाचे एक अमेरिकी औषधशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांच्या नावाचा एक अर्धा गमतीचा नियम आमच्यात प्रसिद्ध आहे: अभ्यास सुरू झाला की त्यात बसणारे पेशंट अचानक दिसेनासे होतात, आणि संपला की पुन्हा रांग लागते. खरं तर ते कुठेच गेलेले नसतात. आपण आधी अंदाजाने मोजलेलं असतं. तू म्हणतेस तसे पेशंट तुला 'खूप' दिसतात. विभागप्रमुखांची रीतसर परवानगी घे आणि रजिस्टर काढून बस. गेल्या वर्षभरात पक्षाघाताचे किती आले, त्यांतले घरी जाताना ०.८ च्या वर किती होते, त्यांतले दुसऱ्याचं बोलणं नीट समजणारे आणि स्वतः बोलू शकणारे किती, आणि पुढच्या तपासणीला परत आलेले किती. नावं नकोत, फक्त हे चार आकडे पाठव. शेवटचा आकडा फारच लहान निघाला तर दुसरं रुग्णालय सोबत घ्यावं लागेल, आणि मग एथिक्स कमिट्याही दोन होतील. ते आत्ताच कळलेलं बरं.

आकडे आले की सॅम्पल साइझ, म्हणजे अभ्यासाला किती पेशंट लागतील ते, मी काढून देतो. रविवारपर्यंत पाठव, सोमवारी मला वेळ आहे.

तुझा,
बाबा