सायटेशनचा आकडा छापताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत कोल्हापूरचे अमुक’ अशा बातम्या सुरू होतात. कौतुक व्हायलाच हवे. पण बातमीत निबंधांची संख्या, एकूण सायटेशन (त्या निबंधांचा इतर निबंधांत किती वेळा संदर्भ आला तो आकडा) आणि एच-इंडेक्स (६ म्हणजे प्रत्येकी किमान ६ सायटेशन मिळालेले ६ निबंध) एवढेच असते. हे आकडे कुठल्या संकेतस्थळावरून आणि कोणत्या तारखेला घेतले, ते कुणी लिहीत नाही. ते कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. गुगल स्कॉलर ही मोफत शोधसेवा प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच प्रसिद्ध केलेले निबंध), परिषदांचे अंक असे सगळेच धरते, स्कोपस हा निबंधांचा माहितीसंग्रह फक्त आपल्या यादीतली नियतकालिके, पुस्तके आणि परिषदांचे अंक धरतो. त्यामुळे एकाच व्यक्तीचा स्कॉलरवरचा आकडा बहुधा मोठा दिसतो. स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ स्कोपसमध्ये वगळून पाहता येतात, स्कॉलरमध्ये ती सोय नाही.

दोन टक्क्यांची यादी ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाने केलेली निवड’ नव्हे. स्टॅनफर्डचे प्रा. जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून ती तयार करतात. तिच्यात दोन वेगळे तक्ते असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचा आणि दुसरा केवळ एका वर्षाचा. नाव कोणत्या तक्त्यात आहे, हे बातमीत यायलाच हवे. क्रम ठरतो तो सहा निकषांच्या एकत्रित गुणांवर. त्यातले तीन निकष एकट्याने लिहिलेले, पहिल्या आणि शेवटच्या नावाचे निबंध पाहतात, तर चौथा सहलेखकांची संख्या लक्षात घेतो. वीस नावांच्या मधोमध बसून मिळवलेली सायटेशन तिथे फारशी कामी येत नाहीत.

लेखकांचा क्रम कसा वाचायचा, हे रसायनशास्त्र आणि मज्जाविज्ञान यांच्या सीमेवर चांगले दिसते. रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांनी पेशीतले कॅल्शियम मोजणाऱ्या ‘बाप्टा’ गटातल्या संयुगांवरचा १९८० चा निबंध एकट्याच्या नावाने लिहिला. १९८५ च्या ‘फ्युरा-२’ या रंगद्रव्याच्या निबंधात मात्र पहिले नाव ग्रिन्केविच यांचे आहे, त्सिएन तिसरे म्हणजे शेवटचे, आणि शेवटची जागा बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाची असते. केवळ पहिल्या नावाचे निबंध मोजायचे ठरवले, तर हा निबंध त्सिएन यांच्या खात्यातून बाद! ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उजळणाऱ्या या रंगद्रव्याच्या तीव्रतांचे गुणोत्तर घेऊन कॅल्शियमचे प्रमाण काढायचे सूत्र त्याच निबंधात आहे. साहजिकच चेतापेशींवर काम करणाऱ्या हजारो प्रयोगशाळांनी त्याचा हवाला दिला. काम रसायनाचे, सायटेशन मज्जाविज्ञानाची. (त्यांना २००८ चे नोबेल मिळाले ते हरित प्रदीप्त प्रथिनाच्या कामासाठी, यासाठी नव्हे.) पद्धत सांगणारा असा निबंध आणि दहा नव्या संयुगांचे संश्लेषण सांगणारा निबंध यांची बेरीज एका रकान्यात करून कोण मोठा हे ठरवू नये. तुलना करायचीच असेल तर स्कोपसमधला क्षेत्रानुसार समायोजित आकडा पाहावा. त्यात १ म्हणजे त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या निबंधांची जागतिक सरासरी.

एच-इंडेक्सही जपून वाचावा. समजा, दहा निबंधांना उतरत्या क्रमाने ३१०, ४२, १८, १२, ९, ७, ६, ३, १, ० सायटेशन आहेत. सहाव्याला ७ आहेत, सातव्याला ६, म्हणून एच-इंडेक्स ६. आता ३१० चा निबंध काढून टाका. एकूण सायटेशन ४०८ वरून ९८ वर येतात, एच-इंडेक्स तरीही ६ च राहतो. दोन्ही आकडे शेजारी छापले तरच काही उमगते.

आपल्याकडे नावांचा घोळ हा आणखी एक प्रकार. पाटील, जाधव, देसाई आणि पुढे दोन आद्याक्षरे, एवढ्यावर यंत्राने माणूस ओळखायचा म्हटल्यावर दुसऱ्याचे निबंध आपल्या खात्यात येणारच. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेची बरोबर उलट दोन खाती होतात. स्कॉलरमध्ये निबंध आपोआप जोडण्याची सोय बंद करून ‘आधी ईमेलने विचारा’ हा पर्याय निवडावा आणि परके निबंध काढून टाकावेत. स्कोपसला दुरुस्तीची विनंती करता येते. संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक घेऊन प्रत्येक निबंधाबरोबर दिला की घोळ बराच कमी होतो. बातमीसाठी माहिती देण्याआधी विभागाने एवढे तपासून घ्यावे.

आता इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या अलीकडच्या निबंधांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी. तो नियतकालिकाचा असतो, निबंधाचा नाही आणि लेखकाचा तर मुळीच नाही. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ चा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास होता, तो २००९ साली जवळजवळ ५० झाला. कारण एकच, शेल्ड्रिक यांचा ‘शेल्एक्स’ या संगणक प्रणालीवरचा २००८ चा निबंध. त्या काळात तिथे छापलेल्या बाकीच्यांनीही ५० मिरवायचे का? आणि खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनीच्या वार्षिक अहवालातच मिळतो. २०२२ पासूनचे आकडे त्यात एकाच दशांश स्थळापर्यंत दिले जातात. त्यानंतरच्या वर्षासाठी कुणी ‘७.८६५’ असा आकडा पाठवला, तर तो कुणी दिला हे आधी विचारावे.

– एक ग्रंथपाल आणि रसायनशास्त्राचे दोन प्राध्यापक, कोल्हापूर