तीन तारे आणि कलम १४

संपादक महोदय,

'घटनेचे कलम १४ म्हणजे सर्व नागरिकांना एकच कायदा' असे हल्ली सर्रास ठोकून दिले जाते. मुळात कायद्यापुढे समानतेची हमी देणाऱ्या त्या कलमात 'नागरिक' हा शब्दच नाही. तिथे 'व्यक्ती' आहे, म्हणजे परदेशी पाहुणाही आला. कायद्याने गट पाडूच नयेत, असेही ते म्हणत नाही. गट पाडण्यामागचा फरक स्पष्ट हवा आणि त्या फरकाचा कायद्याच्या हेतूशी संबंध हवा, एवढेच. गाडी अडते ती सहसा दुसऱ्या अटीवर.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात लष्कराच्या मेसना सूट होती, परदेशी लोकांना परमिट मिळू शकत होते. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या सवलती कलम १४ च्या कसोटीवर टिकवल्या.

डान्सबारचे उलटे झाले. २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमे आली. पहिल्याने बिअर बार आणि परमिट रूममधले नृत्य बंद केले, दुसऱ्याने तीन तारे व त्यावरची हॉटेले, क्लब, जिमखाने यांना मोकळे सोडले. फरक स्पष्टच, तारे काय कोणीही मोजेल! पण सरकारचा सांगितलेला हेतू होता बायकांचे शोषण थांबवण्याचा, आणि शोषण काही तारे बघून होत नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निकाल कायम केला. मग २०१४ मध्ये सरकारने सूटच काढली आणि बंदी सरसकट केली. सगळ्यांना एकच कायदा! तरीही व्यवसायस्वातंत्र्याचा प्रश्न उरलाच, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बंदीलाही स्थगिती दिली.

उच्च न्यायालयात रिट अर्ज (हक्कभंगाविरुद्ध थेट दाद मागणारा अर्ज) करताना 'कलम १४ चा भंग' एवढी ओळ लिहून भागत नाही. कायदा वैध आहे असे न्यायालय आधी गृहीत धरते. उलटे दाखवायचे ते अर्जदाराने. म्हणून कायद्याचा हेतू सांगणारे, विधेयकासोबतचे उद्देश व कारणांचे निवेदन जोडावे, सूट कोणाला आणि कोणत्या कलमाने दिली ते नेमके लिहावे आणि हेतूच्या दृष्टीने त्यांच्यात नि आपल्यात फरक नाही, हे शपथपत्रावर कागदांनिशी मांडावे. 'शेजाऱ्याचे बेकायदा बांधकाम पाडले नाही, मग माझेच का?' हा मुद्दा मात्र घालू नये. बेकायदा सवलतीत वाटा कलम १४ खाली मागता येत नाही, असे न्यायालये वर्षानुवर्षे सांगत आली आहेत.

– एक वकील, ठाणे