सतरा नंबरची फ्रेम

नाशिक
18 जानेवारी 2026

प्रिय पक्या,

तिळगूळ घे, गोड बोल. तुझे तीन फोन येऊन गेले आणि तिन्ही वेळा मी स्क्रीनवर तुझं नाव बघत बसलो. उचलला असता तर पहिल्याच मिनिटाला तू ओळखलं असतंस की काहीतरी झालंय, आणि मला ते धड सांगता आलं नसतं. म्हणून कागद घेतला. तब्येत बरी आहे. शुगर आटोक्यात, गुडघा थंडीत दुखतो.

पक्या, 'झळ' या माझ्या जुन्या फोटोतल्या बाईचं घर सापडलं.

पहिल्यापासून सांगतो. गणपतीत पुतणी आली होती. जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉपवर काही फोटो दाखवायला घेतले. रंगीत फोटो. साधी घरं, अंगण, माणसं रोजच्यासारखी बसलेली, कामात असलेली, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कागदाच्या लगद्याचा मोठा मुखवटा. मी म्हटलं, हे तर बोहाड्याच्या उत्सवातल्या सोंगांसारखं दिसतंय. ती म्हणाली, "काका, हे जव्हारचंच आहे." गौरी गिल म्हणून दिल्लीच्या फोटोग्राफर आहेत, त्यांचं हे काम. 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स' नाव आहे, 2015 पासून चाललंय. जव्हार तालुक्यातले मुखवटे करणारे सुभाष आणि भगवान कडू हे भाऊ आहेत, त्यांच्याकडे त्या गेल्या आणि म्हणाल्या, देव-राक्षसांचे नेहमीचे मुखवटे नकोत, आजच्या जगण्याचे करा. मग त्यांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि गावातल्या कारागिरांनी प्राण्यांचे केले, माणसाच्या वेगवेगळ्या वयांचे आणि भावनांचे केले, रोजच्या वापरातल्या वस्तूंचेसुद्धा केले. गावातलीच माणसं ते घालून आपापल्या जागी उभी राहिली. हे फोटो 2017 मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या मोठ्या प्रदर्शनात लागले, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला.

त्र्यंबक-मोखाडा-जव्हार. तीच एस.टी., तोच घाट. आपण दोघं त्या रस्त्यावर किती रविवार हिंडलो? आपल्याला काय दिसलं? आटलेल्या विहिरी, हंडे, सुरकुत्या. तिथल्या प्रत्येक माणसाला आपण ब्लॅक अँड व्हाइट करून टाकलं. ही बाई तिथं गेली आणि तिनं माणसांना विचारलं, तुम्हाला काय होऊन उभं राहायचंय? पक्या, त्या रात्री मला झोप लागली नाही. तुझं वाक्य डोक्यात फिरत होतं. कुठलं ते लिहीत नाही, तुला माहीत आहे.

मग वाचत सुटलो. तू बंगलोरला असतोस, तुझ्या गावात अशी प्रदर्शनं होत असतील, तुला यातलं बरंच ठाऊक असेल. मला नव्हतं. लग्नांचे अल्बम करता करता वीस-बावीस वर्षं गेली. या बाईंनी 2003 मध्ये राजस्थानात लूणकरणसरला मुलींच्या मेळ्यात तंबू लावून स्टुडिओ केला होता. मुली येणार, आपल्याला हवं तसं, हवं त्याच्याबरोबर उभ्या राहणार, मग फोटो. 2010 मध्ये पुन्हा तिथंच गेल्या. एकाच मुलखात 1999 पासून जात राहिल्या, आणि त्या वाळवंटातल्या कामाला 2023 मध्ये प्री पिक्टे हा मोठा पुरस्कार मिळाला. चोवीस वर्षं! आपण एका गावात चोवीस मिनिटं थांबलो असू, आणि तेसुद्धा परतीची एस.टी. पकडायची घाई करत.

डहाणूच्या गंजाडचं त्यांचं काम मला सगळ्यात जास्त लागलं. राजेश वांगड हे वारली चित्रकार. ते त्यांना आपला मुलूख दाखवत हिंडले, इथं काय झालं, तिथं काय झालं ते सांगत गेले. बाईंनी फोटो काढले. नंतर कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात छापलेला कागद, बघताना त्यांच्या लक्षात आलं की वांगडांनी सांगितलेलं या फोटोंत कुठेच आलेलं नाही. मग तेच फोटो त्यांनी वांगडांच्या हाती दिले, त्यावर चित्रं काढायला. डोंगर, झाड, पायवाट फोटोतली, आणि त्यावर वांगडांच्या बारीक रेषांत माणसं, जनावरं, देव, झाडतोड, सगळा इतिहास. मी भिंग लावून बघितलं, अर्थात स्क्रीनवरच.

कॉन्टॅक्ट शीट म्हटल्यावर माझ्या पोटात का कालवलं, ते तुला कळेल.

डिसेंबरात मोखाड्याच्या पुढे एका लग्नाचं काम होतं. निघताना मी 'झळ'ची 12 बाय 15 ची प्रिंट बरोबर घेतली. मागे फोटोग्राफी क्लबचा शिक्का, द्वितीय क्रमांक, सगळं तसंच. का घेतली विचारशील तर खरंच सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावात गेलो. विहीर आहे, आता कठडा बांधलाय. चहाच्या टपरीवर प्रिंट उघडली. दोन म्हाताऱ्यांनी बघितली, एकमेकांकडे पाहिलं, आणि एका मुलाला कुणाला तरी बोलवायला पाठवलं.

पस्तिशीची बाई आली. आशा सेविका आहे, हातात रजिस्टर. तिनं फोटो बघितला आणि नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "आमची आजी." आजी जाऊन एकोणीस वर्षं झाली. घरात तिचा एकही फोटो नाही, पक्या. एक लहानसा होता, कार्डासाठी काढलेला, तो पावसाळ्यात गेला. तिनं प्रिंटवरून बोट फिरवलं, काचेवरून फिरवतात तसं, कागदाला न टेकवता. आणि मग विचारलं, "आजीनं हात असा का केलाय?"

मी म्हटलं, ऊन होतं.

हे मी म्हटलं. अठ्ठावीस वर्षं जे स्वतःला सांगत आलो तेच तिला सांगितलं. तिनं मान हलवली. फ्रेम करून होळीला आणून देतो असं कबूल करून आलो. होळी 2 मार्चला आहे. निघताना तिनं मोबाइल काढला, मी आजीचा फोटो धरून उभा होतो, आणि मला विचारलं, "काढू का?" मी हो म्हटलं, मग काढला. येताना बाइकवर घाटात दोनदा थांबलो.

तर काळजी ही आहे. तो फोटो मी त्या घराच्या भिंतीवर लावायला देऊ का?

तू त्या रात्री त्र्यंबकच्या स्टँडवर म्हणाला होतास, "ती ऊन अडवत नव्हती, ती तुला नको म्हणत होती." आणि मी म्हटलं, तुला फ्रेम मिळाली नाही म्हणून जळतोस. मग बक्षीस लागलं, तू माझी कॉन्टॅक्ट शीट उचललीस, "पुरावा" म्हणालास आणि निघून गेलास. दोन महिने आपण बोललो नाही. वहिनींना हे कधी सांगितलंस का? तुझ्या लग्नाचे सगळे फोटो मी काढले आणि त्या चार दिवसांत आपण फोटोग्राफीवर एक शब्द बोललो नाही, हे मला अजून आठवतं. (ते डेव्हलपिंग टँकचं झाकण मात्र तूच हरवलंस. त्यावर मी आजही ठाम आहे.)

आता मी ती प्रिंट रोज टेबलावर ठेवून बघतो. आपल्या धंद्यातला माणूस सावली वाचतो. एप्रिलचं ऊन, अकराचा सुमार, सूर्य उजवीकडून. हात डोळ्यांवर धरला असता तर सावली कपाळावर आणि डोळ्यांवर पडायला हवी. ती कानाजवळ पडलेली वाटते. वाटते म्हणतो, कारण चेहरा मीच काळवंडवलाय. सर म्हणाले होते, चेहऱ्याला दहा सेकंद जास्त दे, दुःख उतरेल. मी दिले. एन्लार्जरखाली हाताचा आडोसा करून मी तिच्या चेहऱ्यावर जास्तीचा उजेड पाडला, तो काळा केला, आणि त्यातच सावलीही बुडवली. वर डावीकडचा पाव भाग कापला. त्या कापलेल्या भागात काय होतं, मला आठवत नाही. तू होतास का रे तिथं? तू 50 ची लेन्स घेऊन विहिरीशी गेला होतास, बायकांशी बोलत होतास. मी झेनिट कॅमेऱ्याला लांबून टिपणारी 135 ची लेन्स लावून बाभळीच्या आड. पन्नासच्या लेन्सला जवळ जावं लागतं, जवळ गेलं की बोलावं लागतं. एकशेपस्तीस घेऊन मला कुणाशी काही बोलावं लागलं नाही. आज वाटतं, आपल्या भांडणाचं मूळ त्या दोन लेन्सांत होतं.

म्हणजे कदाचित तिनं हात तुला केला असेल. पाणी देऊ का म्हणून. किंवा लांबच्या कुणाला हाक मारली असेल. किंवा मला बघून, नको. 2008 च्या गोदेच्या पुरात माझ्या निगेटिव्ह गेल्या, एकमेकींना चिकटून गोळा झाला. प्रिंटवर ही एकच फ्रेम आहे, तीही कापलेली.

मनात काय काय येतं ऐक. एकदा वाटलं, वांगडांसारखं नातीलाच म्हणावं, तू यावर काहीतरी काढ. लगेच लाज वाटली. ती चित्रं काढत नाही, ती लसीकरणाच्या याद्या करते. दुसऱ्याच्या कामातली युक्ती उचलून आपलं ओझं तिच्या डोक्यावर ठेवायचं, हे पुन्हा तेच झालं. मग वाटलं, हात कापून नुसता चेहरा मोठा करून द्यावा. पण कापून कापूनच तर इथवर आलोय. आणि न देणं तर शक्यच नाही. आजीचा चेहरा तिच्या घरी नाही आणि माझ्या कपाटात आहे, हे कसं चालेल?

सुधारक ओलवेंचं काम पुन्हा काढून बघितलं. मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो आपण कॉलेज संपल्यावर वर्तमानपत्रात बघून हादरलो होतो. त्यांना 2016 ला पद्मश्री मिळाली तेव्हा तू मेसेज केला होतास. आज बघताना जाणवलं की त्या फोटोंत कॅमेरा त्या माणसांपासून फार लांब नाहीच. मदुराईकडचे पलनी कुमार आहेत, 'परी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटसाठी काम करतात. आई मासे विकते, तिच्या कामाचे त्यांनी फोटो केलेत. 2022 मध्ये त्यांना फोटोग्राफर दयानिता सिंह यांच्या नावाचा 'परी'चा पुरस्कार मिळाला, 2 लाखांचा. लहान मुलांच्या हातात ते कॅमेरे देतात आणि फोटो काढायला शिकवतात. 'परी'वर बरंच काही मराठीतही आहे, आईंना वाचून दाखव. आपल्याला 1998 मध्ये असं कुणी भेटलं असतं तर, असं सारखं वाटतं. पण मग आठवतं, तू होतास की.

आणि हो, खास तुझ्यासाठी. चिरोदीप चौधुरी नावाचे मुंबईचे फोटोग्राफर 1996 पासून शहरातली सार्वजनिक घड्याळं टिपतायत. इमारतींवरची, मनोऱ्यांवरची. तू एकाही घड्याळाच्या वेळेवर कधी आला नाहीस, तेव्हा हे काम तू बघायलाच हवं.

तुझं कसं चाललंय? चिनूची बारावी ना यंदा, तिला म्हणावं काकानं पेन पाठवलंय, कुरिअरनं येईल. वहिनींच्या बदलीचं काय झालं? आईंचं मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन झालं का, की अजून टाळतायत? उन्हाळ्यात सगळे या, घर मोठं आहे.

आता काम. तू काही फेकून देत नाहीस, हे मला माहीत आहे. ती कॉन्टॅक्ट शीट तुझ्याकडे असणार. निळ्या फायलीत नसेल तर त्या इलफर्डच्या फोटो-पेपरच्या रिकाम्या डब्यात बघ. 'झळ' म्हणजे फ्रेम 17. मला 14 पासून 21 पर्यंत हव्यात. भिंग घेऊन, दिवसाउजेडी, खिडकीशी बस. आधी 16 बघ, तिचा हात कुठे आहे. मग 18. तिनं पाठ फिरवलीय का, की हसतेय, की तुझ्याकडे बघतेय. फोटो काढून पाठवू नकोस. मला फोन कर आणि तुला काय दिसतंय ते तोंडी सांग. यावेळी मी मध्ये बोलणार नाही.

जे असेल ते मी तिला सांगणार आहे, फोटो हातात देण्याआधी. लावायचा की नाही, तिचं ती ठरवेल. आणि एखादी वेगळी फ्रेम निघाली, ज्यात ती नुसती उभी असेल, तर तुझ्या शीटवरून मोठी करता येईल का ते बघू. बारीक आहे, दाणे फुटतील, पण चेहरा ओळखू येईल.

होळीला तू आलास तर आपण दोघं जाऊ. होळीच्या दोन दिवस आधी गाडी धर, नाशिकरोडला घ्यायला येतो. पन्नासची लेन्स आण.

तुझा,
विज्या