विड्या वळणारे हात आणि उसने रडणे

टोरंटो

तीर्थस्वरूप काका व सौ. काकूंस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. निपाणीच्या विडी कामगार बाईवरचा जो चित्रपट पाहण्याचा आग्रह तुम्ही धरला होता, तो गेल्या रविवारी येथील मराठी मंडळींबरोबर पाहिला. कथा इतकी काळजाला भिडणारी असताना नटांच्या उणिवा कशाला काढायच्या, असे तुम्ही फोनवर म्हणालात तेव्हा मी गप्प राहिलो. कारण तुमच्याशी अभिनयावर वाद घालायचा तर तो नीट लिहूनच घालावा, असे मला वाटले.

कथेविषयी माझे दुमत नाही. कर्ज काढून शिकवलेला एकुलता एक मुलगा अपघातात जातो आणि त्यानंतरही आईला रोजच्या विड्या पुऱ्या कराव्याच लागतात, ही गोष्ट नुसती सांगितली तरी आपल्या भागातल्या माणसाच्या पोटात कालवते. म्हणूनच माझी तक्रार आहे. एखाद्या हलक्याफुलक्या चित्रपटात नट कच्चा निघाला तर प्रेक्षक हसून सोडून देतो, पण शोकाच्या कथेत तो नट खरा आहे की नाही हे जोखण्यात मन एकदा गुंतले की दुःख बाजूला राहते आणि आपण परीक्षक होऊन बसतो.

माझे मन पहिल्यांदा उडाले ते आईचे काम करणाऱ्या बाईंचे हात पाहून. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका तुम्हीआम्ही ओसरी-ओसरीवर पाहिल्या आहेत. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे बोलताना, भांडताना, पोराला दटावतानाही त्यांचे हात थांबत नाहीत. नजर समोरच्याकडे असते आणि पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे आणि दोरा बांधणे बोटे आपोआप करतात. चित्रपटातील बाई मात्र संवाद आला की सूप मांडीवर तसेच ठेवून, मान वर करून वाक्य म्हणतात आणि वाक्य संपले की पुन्हा पान उचलतात. पुढे मुलाची बातमी येते तेव्हा हात थांबणे हाच खरा हुंदका ठरला असता. परंतु ते हात आधीच वीस वेळा थांबलेले असल्यामुळे त्या थांबण्याला काही किंमतच उरली नाही. मग दिग्दर्शकाने बाईंना रडायला लावले आणि रडणे पुरेसे पडेना म्हणून त्यावर सारंगी चढवली.

नाट्यशास्त्रातील आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावना दाटली की अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, तुम्हीच आम्हा मुलांकडून पाठ करून घेतले होते: स्तंभ (थिजणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथु (कंप), वैवर्ण्य (रंग उडणे), अश्रू, प्रलय (भान हरपणे). आठांत अश्रू एकच आहे, आणि या बाईंनी तेवढाच धरला. स्वरभंगाची सोय तर डबिंगनेही घालवली असावी. प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळी दाटलेला आवाज पुढे बंद खोलीत, पडद्यावरच्या ओठांशी जुळवून पुन्हा काढायचा, हे मुरलेल्या नटालाही अवघड जाते. येथे ओठ जुळले, पण श्वास जुळला नाही. शिवाय बोली! सबंध चित्रपटात एकदाच आपल्याकडचे ‘काय करूलालास?’ (काय करतो आहेस?) ऐकू आले, तेही पाटी वाचल्यासारखे. बाकी सगळे पुणेरी होते.

तुम्ही म्हणाल, शिकलेले नट आणायचे कोठून? पण माझा रोख शिक्षणावर नाहीच. ‘फँड्री’मधला सोमनाथ अवघडे किंवा ‘सैराट’मधली रिंकू राजगुरू कोणत्याही नाट्यशाळेतून आलेले नव्हते, तरीही समोरचा बोलत असताना ते खरोखर ऐकत आहेत असे वाटते. आपल्या बाईंचे सगळे लक्ष आपली पाळी कधी येते याकडे आहे. पडद्यावर तर काही न करण्यानेही काम होते. १९२० च्या सुमारास कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाटीला आणि एकदा शवपेटीला जोडून दाखवला, तर म्हणे प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक तर कधी शोक दिसला. अशा चांगल्या कथेत प्रेक्षक आपले दुःख घेऊन बसलेलाच असतो. नटाने फक्त त्याला जागा द्यायची असते. आपल्या बाईंनी दर क्षणी सगळी जागा स्वतःच भरून टाकली.

अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा, हे तुम्ही प्रत्येक तालमीआधी ऐकवत असा, आणि मग पाठांतर कच्चे असणाऱ्याला घरी पाठवत असा. गणेशोत्सवातल्या फुकट नाटकाला तुमचा जो काटेकोरपणा होता, तो तिकीट लावलेल्या चित्रपटाला का माफ करता, हे मला खरोखर समजलेले नाही. गाव आपले, भाषा आपली, सीमाभागातली माणसे पडद्यावर क्वचितच दिसतात, म्हणून तुमचे मन हळवे होत असेल, तर ते मी समजू शकतो. माझेही झाले. मात्र त्या हळवेपणाचे श्रेय बाईंच्या अभिनयाला देऊ नये.

एका भूमिकेविषयी मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. शेजारच्या म्हातारीचे काम करणाऱ्या बाईंना तीन-चारच वाक्ये आहेत. बातमी आल्यावर त्या काही बोलत नाहीत. स्वतःच्या सुपातल्या बांधलेल्या जुड्या निमूटपणे हिच्या सुपात टाकतात आणि पुन्हा वळायला बसतात. त्यांनी हे काम आयुष्यभर केले असावे, असे त्यांच्या अंगठ्यावरून वाटले. गडहिंग्लजच्या आत्यांना चित्रपट दाखवायला नेणार असाल तर तेवढ्या प्रसंगासाठी अवश्य न्या. त्यांचे मत काय पडले ते सविस्तर कळवा, आणि माझे कुठे चुकत असेल तर तेही तितक्याच सविस्तर लिहा.

तुमचा पुतण्या